जिथून पोलादपूरची गाडी मिळते

पृथ्वीवरची सगळी गावं पोलादपूरच्या गाडीला थांबे हवेत म्हणून वसवली गेली आहेत, असं ठाम मत असलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. आम्ही त्यांना मोठेमामा म्हणतो. धाकटे मामा कुणी नाहीत, कधी नव्हते. पण नुसतं मामा म्हणून भागावं इतका हा माणूस लहान नाही. पोलादपूर तालुक्यातलं कापडे हे त्यांचं गाव. एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून त्यांनी उभी नोकरी केली, त्यातली बहुतेक पोलादपूर–मुंबई या एकाच गाडीवर. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मामा गाडीतून उतरले, पण गाडी मामांच्यातून उतरायला तयार नाही.

हे मामा माझ्या घर शोधण्यात कसे शिरले ते सांगायचं, तर आधी आमची तेव्हाची अवस्था सांगायला हवी. मी महाडजवळच्या नाते गावचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.कॉम. झालोय हे मी कुणी न विचारताही सांगतो. माझ्या बापाने ते गावभर सांगितलं आहे, मग मी का लाजू? नोकरी लागली ती तुर्भ्याला, एका गोदामाच्या हिशेबखात्यात. बायको स्नेहल आणि मुलगी ओवी महाडला, सलीमभाईंच्या घरात भाड्याने. सलीमभाई म्हणजे दुबईत बारा गावचं पाणी पिऊन परत आलेले आमचे घरमालक. आता महाडात त्यांचे दोन टेंपो आहेत. आधी आम्ही त्यांच्या तळमजल्यावर होतो. एकवीस सालच्या पुराने तिथलं सगळं नेलं. भांडी, गाद्या, ओवीचा पाळणा. माझं पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर उंच होतं म्हणून वाचलं, पण त्याच्या काचेवर चिखलाची रेघ राहिली. ती मी अजून पुसलेली नाही. मग सलीमभाईंनी स्वतःच्या डोक्यावरची खोली आम्हाला दिली.

हे झालं त्या दोघींचं. मी घणसोलीला, गाववाल्यांच्या खोलीत. आमच्याकडे बहुतेक गावांची मुंबईकडे अशी एक खोली असते. ज्याला नोकरी लागेल त्याने तिथे वळकटी टाकायची. ज्याची रात्रपाळी त्याच्या जागेवर दिवसपाळीवाला झोपणार, आणि कुणाचा पाहुणा आला की सगळ्यांनी कुशीवर झोपायचं. शनिवारी कामावरून सुटलो की मी हायवेला उभा राहून मिळेल ती गाडी पकडायचो, महाडला पोचेपर्यंत ओवी झोपलेली. रविवारी ती मला नीट बघून घ्यायची आणि दुपारीच विचारायची, "बाबा, तू कधी जाणार?" दुःखाने नव्हे हो. मी गेलो की खाटेवर तिच्या बाहुल्यांना जागा व्हायची.

एकदा बालवाडीत बाईंनी मुलांना विचारलं, घरी कोण कोण असतं? ओवी म्हणाली, "आई. आणि रविवारी एक बाबा."

स्नेहलने हे मला हसत हसत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ती हसली नाही. त्या दिवशी आमचं ठरलं. ओवीची मोठी शाळा सुरू व्हायच्या आत तिघांनी एका छपराखाली यायचं. कर्ज काढून का होईना, पण परवडेल तिथे एक खोली आणि स्वयंपाकघर घ्यायचं.

ठरवणं सोपं होतं. "परवडेल तिथे" म्हणजे कुठे, इथे माझी पदवी संपली. ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं उपनगर हेच जगाचं मध्य. बदलापूरचा म्हणाला, हवा बघा हवा, संध्याकाळी शाल लागते. त्याला म्हटलं, घरी कधी पोचता? तर म्हणाला, म्हणूनच शाल लागते. विरारचा म्हणाला, भाव बघा, पाण्याचं काय, पाणी येतंच कधीतरी. तळोज्याचा म्हणाला, आज वास येतो पण उद्या मेट्रो येते. उलव्याचा म्हणाला, विमानतळ झाला की बघा. पण मला विमानाने कुठे जायचं होतं? त्यात जाहिरातींनी आणखी घोळ घातला. एकाच खोलीची तीन मापं. एक भिंतीच्या आतलं, एक भिंतीसकट, आणि एक जिना, गच्ची, बाग धरून. राहायचं आतल्या मापात आणि पैसे द्यायचे बागेच्या मापाने. मी हिशेबखात्यातला माणूस असून मला हे कळेना. सलीमभाईंना विचारलं, तर ते टेंपोच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "भाई, घर कुटंपन घे. फकत जिना बघ. कपाट वळलं पायजे."

तेव्हा स्नेहल म्हणाली, "अहो, मोठेमामांना विचारूया. त्यांनी सगळी मुंबई पाहिलीये."

इथे आमचं चुकलं.

मामांनी मुंबई पाहिली होती यात शंका नाही, पण ती गाडीच्या दारातून. प्रत्येक गाव त्यांना थांब्यापुरतं माहीत. गाडी थांबेपासून सुटेपर्यंत जेवढं दिसलं, तेवढं ते गाव. आणि त्या जोरावर त्यांनी प्रत्येक गावाची पत्रिका मांडून ठेवलेली. "ठाण्याला उतरणारा पाशिंजर नेहमी झोपलेला," ते म्हणाले, "त्याला हलवून उठवायला लागतं. अशा गावात पोरीला टाकायची नाय." सायनचा माणूस तिकिटाला पाचशेची बंदी नोट काढतो, सबब सायन बाद. वाशीच्या माणसाजवळ सामान कमी असतं, म्हणजे गावाहून त्याला कुणी काही देत नाही, म्हणजे त्याची माणसं तुटलेली. मी भीत भीत नालासोपाऱ्याचं विचारलं. "नालासोपाऱ्याचा पाशिंजर मला कदी भेटलाच नाय," ते म्हणाले. "तिते मानसं ऱ्हातात का, ते मी खात्रीनं नाय सांगू शकत."

नोकरीची सवय माणसाला किती लागावी याला काही सुमार असतो, पण मामांच्या बाबतीत तो डेपोतच राहिला. खुर्ची कितीही ऐसपैस असो, मामा तिच्यावर आडवे, दाराकडे तोंड करून बसतात. खिडकीजवळची जागा कधी घेत नाहीत, ती पाशिंजराची. घरात शिरल्या शिरल्या ओठांतल्या ओठांत माणसं मोजतात आणि आकडा जुळला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान येतं. आमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा हाय" असं म्हणत एवढी माणसं बसवली, की वाढप्यांना चालायला वाट उरली नाही आणि शेवटी पत्रावळींवरचा भात हातोहात पुढे पाठवावा लागला. बोलणं सुरू करायचं, बंद करायचं, हेही घंटीच्या हिशेबाने. गाडीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चला, हे आपल्याला माहीत असतं. मामा हे टेबलावर, दारावर, कधी समोरच्याच्या गुडघ्यावर बोटाच्या पेराने वाजवतात. एकदा वाजवलं की समोरच्याने बोलणं थांबवायचं. दोनदा वाजवलं की विषय संपला, सगळ्यांनी मार्गाला लागायचं. मी जावई असूनही माझ्या गुडघ्यावर कितीदा एक घंटी वाजलीय, त्याला गणती नाही.

स्नेहल त्यांच्याकडेच वाढली. तिची आई लवकर गेली आणि मामा-मामींना मूल नाही, त्यामुळे कापड्याच्या घरात ती भाची कमी आणि लेक जास्त. महाडच्या कॉलेजला ती पोलादपूरहून मामांच्याच सकाळच्या गाडीने जायची. पण गाडीत चढली की मामा तिला ओळखत नसत. "पास दाखवा." घरी मघाशीच तिच्या डब्यात भाकरी बांधून दिलेला हा माणूस तिच्या पासावरचा फोटो बघायचा, मग तिच्या तोंडाकडे बघायचा, मग परत फोटोकडे. एकदा ती पास घरी विसरली. मामांनी तिचं तिकीट काढलं, पैसे खिशातून स्वतःचे भरले, आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्याकडून वसूल केले. ही गोष्ट स्नेहल अजून रागाने सांगते, आणि सांगताना तिचा राग पाच वाक्यंसुद्धा टिकत नाही.

तर असे हे मामा दर रविवारी आमच्याबरोबर घर बघायला यायला लागले. पहाटे कापड्याहून निघायचे, आम्ही महाडला चढायचो, आणि मामा गाडीत आमच्या कंडक्टरला, म्हणजे त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसाला, दार नीट लावायला सांगायचे.

पहिली खेप कळंबोलीची. जुन्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतींना ओल, पण उजेड भरपूर. शेजारच्या बाईंना मामांनी पहिला प्रश्न टाकला, "पावसात पानी कुटपर्यंत येतं?" बाई खऱ्या बोलणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, "खालच्या पायरीला लागतं कधी कधी, वर नाही येत." मामांना हे आवडलं, पाणी येतच नाही म्हणणाऱ्यावर महाड-पोलादपूरचा माणूस विश्वास ठेवत नाही. मला वाटलं जमलं. पण खाली उतरून मामा रस्त्याकडे गेले, पोलादपूरच्या गाड्या कुठे थांबतात ते शोधून काढलं, आणि दोन-तीन गाड्या जाईपर्यंत तिथे उभे राहिले. परत आले ते मान हलवतच, आणि आमच्या शेजारी पायरीवर बसले. "नाय जमायचं. गाडी मुंबैहून भरून येते. म्हनजे माझ्या भाचीनं पोलादपूरपर्यंत उभ्यानं यायचं?"

"पण मामा, ते वर्षातून चार वेळा," मी म्हणालो. "मला कामाला तर रोज..."

माझ्या गुडघ्यावर एक घंटी वाजली.

मग पनवेल. मामांचं मत, पनवेलला गाडी स्टँडात येऊन नीट उभी राहते, पाशिंजराला मान असतो. स्टँडजवळचे भाव ऐकून मी उसाचा रस न पिताच परत फिरलो. मग पनवेलच्या बाहेर एका मोठ्या नव्या इमारतीत गेलो. तिथे गळ्यात टाय घातलेला एक तरुण आम्हाला चकाचक लिफ्टने वर घेऊन गेला आणि त्याने पडदा ओढल्यासारखी खिडकी उघडली. "सर, ही हिल व्ह्यू साइड. याला थोडं जास्त पडतं."

"जास्त कशाचं?" मामांनी विचारलं.

"डोंगराचं, काका. पावसाळ्यात धबधबे दिसतात इथून. एकदम इमारतीच्या मागे."

मामा खिडकीपाशी गेले. हिरवागार, उभा, देखणा डोंगर होता तो. खिडकी त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतली, कडी घातली आणि म्हणाले, "तळीयेचे लोक माझ्या गाडीला असायचे."

टायवाल्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, काका रोड साइडपण आहे, ती स्वस्त आहे. आम्हाला कळलं होतं. पुराच्या त्याच पावसात तळीये गाव डोंगराखाली गेलं होतं. आमच्याकडच्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही. लिफ्टमधून खाली येताना स्नेहलने मामांचा हात धरला होता, आणि त्या दिवशी मामांनी परतीच्या गाडीत कंडक्टरला एकही सूचना केली नाही.

पुढच्या रविवारी मात्र ते पुन्हा ताजेतवाने. म्हणाले, पळस्प्याला बघू, तिथून गोव्याचा रस्ता फुटतो, तिथे गाडी चुकायची भीती नाही. पळस्प्याची खोली वाईट नव्हती, पण मामांना ती "जरा आडबाजूला" वाटली. मग त्यांनीच कुणाकडून तरी पेणच्या अलीकडची एक इमारत शोधून काढली. भातशेताच्या मधोमध उभी असलेली, नवीकोरी, मागे डोंगर नाही, समोर हायवे. आम्ही महाडला गाडीत बसलो आणि फाटकासमोरच उतरलो. मामा उतरले ते लग्नाच्या वरातीतून उतरल्यासारखे. "बगा! एक गाडी. बदलायची नाय, रिक्षा नाय, काय नाय. दारात गाडी." आत हवा, उजेड, पाणी, कपाट वळेल असा जिना, आणि भाव असा, की हिशेब करून मी पुन्हा हिशेब केला. ओवी रिकाम्या खोलीत गोल गोल पळाली. इमारतवाल्याला आम्ही सांगितलं, बुधवारपर्यंत कळवतो. परतीच्या गाडीत आम्ही सगळेच इतके खुशीत होतो, की पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे यावरून माझं आणि स्नेहलचं नागोठण्यापासून कोलाडपर्यंत भांडण झालं.

आणि माणगाव ओलांडल्यावर स्नेहल एकाएकी म्हणाली, "अहो, तिथून तुम्ही कामाला कसे जाणार?"

खरं सांगतो, एवढ्या सगळ्या रविवारांत हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नव्हता. आम्ही दर वेळी महाडला गाडीत बसायचो, घर बघायचो, आणि घरापासून महाड किती लांब ते मोजत परत यायचो. ऑफिसच्या बाजूने आम्ही एकाही घराकडे गेलो नव्हतो. नोकरीसाठी घर शोधायला निघालेली माणसं आम्ही, आणि आमचं सगळं माप गावाकडून घेतलेलं. यात मामांना तरी काय दोष देऊ? आमच्याकडचा माणूस मुंबईला तीस वर्षं राहिला तरी घर किती लांब आहे हे विचारलं की गाव किती लांब ते सांगतो. मीही त्यातलाच. पदवी असून.

सोमवारी मी करून बघितलं. पहाटे महाडहून निघालो, त्या फाटकासमोर उतरलो, आणि आता मी इथेच राहतो असं समजून ऑफिसला निघालो. हायवेला उभा राहिलो तर मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या; एकही थांबेना. शेवटी वडखळहून भाजी नेणाऱ्या एका टेंपोत दुधीभोपळ्यांच्या शेजारी बसून पनवेल, तिथून बस, मध्ये रस्त्याचं काम, मग पुन्हा बस. मी तुर्भ्याला पोचलो तेव्हा सगळे डबे उघडून जेवायला बसले होते. साहेब म्हणाले, "अर्धी रजा टाकायची होती तर फोन करायचा." मी म्हणालो, "साहेब, मी घरून आलो." ते माझ्या शर्टाला लागलेल्या भोपळ्याच्या वेलाकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी घर बघायला न जाता आम्ही कापड्याला गेलो. मामींनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. पेणचं का जमणार नाही ते मी सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, घास गिळला, आणि म्हणाले, "मंग मानगाव बगू. तिते पन आता चांगल्या बिल्डिंगा झाल्यात."

"मामा, माणगाव?" माझा आवाज चढला. "कळंबोलीहून पनवेलला आलात, पनवेलहून पळस्प्याला, तिथून पेणला. आता माणगाव. पुढच्या महिन्यात महाड म्हणाल!"

"महाडला काय वायट हाय?" मामा म्हणाले.

चुलीजवळून मामी बोलल्या. त्या कमी बोलतात, पण बोलतात तेव्हा गाडी फलाटालाच लागते. "जावयाला कशाला फिरवता उगाच? सरळ सांगा ना, पोर लांब जाते म्हनून जीव वर-खाली होतोय. आनि मुंबैचं तुमाला काय ठावं? गाडीतून खाली उतरलात कदी?"

मामांनी पाटावर दोन घंट्या वाजवल्या. विषय बंद. पण या वेळी कुणी मार्गाला लागलं नाही. ओवी भाकरीचा पापुद्रा सोलत होती तेवढाच काय तो आवाज.

मग स्नेहल म्हणाली, "मामा, मला उजेड नको, हवा नको, दारात गाडी पन नको. हे घरी येतील तेव्हा ओवी जागी असली पायजे. बस. तेवढं जिते होईल तिते मी ऱ्हाते." शहरात माझ्याशी पुस्तकासारखं बोलणारी ही बाई मामांशी बोलताना कापड्याची होते.

मामा दाराकडे तोंड करून आडवे बसले होते, नेहमीसारखे. तसेच बसून म्हणाले, "कळंबोलीहून तुर्भ्याला गाडी जाते. सीधी." आणि थोड्या वेळाने, "पहिल्याच येळी जमलं होतं गो ते. मीच घंटी मारली."

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. कळंबोलीचं तेच घर अजून विकलं गेलं नव्हतं. मी ऑफिस सुटल्यावर तिथे गेलो, मुद्दाम तुर्भ्याच्या बाजूने, आणि पोचलो तेव्हा बाहेर अजून पोरं खेळत होती. कर्ज झालं, सह्या झाल्या, ओल आलेल्या भिंती मी आणि खोलीतल्या गाववाल्यांनी मिळून रंगवल्या.

सामान न्यायच्या दिवशी सलीमभाईंनी स्वतः टेंपो चालवायला घेतला. भाड्याचं नाव काढलं तर म्हणाले, "गप ऱ्हा रे, पूर आला तवा भाडं घेतलं होतं का?" मामा सकाळीच कापड्याहून आले होते, बरोबर तांदळाचं पोतं. गाठोडी चढवताना त्यांचं "पुढे सरकवा, मागे जागा हाय" चालूच होतं. चिखलाची रेघ असलेलं प्रमाणपत्र मी मांडीवर घेतलं. स्नेहल आणि ओवी पुढे, सलीमभाईंच्या शेजारी. मी मागे, पोत्यावर. सगळं चढलं. मामा एकटेच खाली राहिले.

सलीमभाईंनी गाडी चालू केली. मामांनी टेंपोच्या पत्र्यावर हात मारला. एकदाच.

सलीमभाईंनी खरंच ब्रेक दाबला आणि मान बाहेर काढली. "काय ऱ्हायलं, मामा?"

मामा चालत पुढच्या दाराशी गेले. आत बघितलं. ओठ हलले, माणसं मोजली त्यांनी, मला वाटतं. मग स्नेहलपुढे हात धरला, जुन्या सवयीने, तिकीट मागायला धरतात तसा.

"पास नाय माझ्याकडं, मामा," स्नेहल म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "आज नाय इचारत."

आणि तिथेच उभे राहून, आमच्याकडे न बघता, त्यांनी पत्र्यावर दोनदा हात मारला.

पुढे कपाट जिन्यात वळलं नाही. ते सलीमभाईंनी शिव्या देत परत नेलं आणि आमचे कपडे अजून दोरीवर असतात. मामा गणपतीनंतर एकदा आले. कळंबोलीला गाडीतून खाली उतरले, थांब्याच्या पुढे चालत आले, आणि दारात उभं राहून आम्हाला मोजलं. राहिले नाहीत, परतीची गाडी गाठायची होती. ती भरूनच आली, आणि मामा पोलादपूरपर्यंत उभ्याने गेले, असं मामींच्या फोनवरून कळलं. त्यांनी स्वतः काही सांगितलं नाही.

आम्ही तिघं आता एका घरात राहतो. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. संध्याकाळी मी दार वाजवतो, दोनदा, आणि ओवी जागी असते.